पॉश आणि सफेदपोश

'पॉश' हा शब्द मराठीत आता कुणाला परका वाटत नाही. रिक्षावाला 'पॉश एरिया' म्हणतो, लग्नाहून परतलेली बाई 'हॉल एकदम पॉश होता' म्हणते, आणि कुणी नवे कपडे घालून आला की टपरीवरचे मित्र 'क्या बात है, आज एकदम पॉश' म्हणून त्याची उडवतात. तसे आपल्याकडे शब्द कमी नव्हते. ऐटबाज होता, झोकदार होता, झकपक होता, रुबाबदार होता. पण ऐट ही माणसाची असते, झकपकमध्ये थोडा दिखाऊपणाचा वास येतो, आणि रुबाब फाटक्या कपड्यातल्या पैलवानालाही असू शकतो. 'पॉश'मध्ये पैसा आहे, टापटीप आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे जी या जुन्या शब्दांत नाही. 'पॉश' म्हणणारा स्वतः थोडा बाहेर उभा असतो. पॉश सोसायटीत राहणारा माणूस आपल्या सोसायटीला पॉश म्हणत नाही, तो नुसतं 'आमची सोसायटी' म्हणतो. इंग्लंडातही असंच आहे. तिथे हा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल वापरतात, आणि त्यात कौतुकाइतकाच टोमणाही असतो.

हा शब्द आला कुठून, याची एक गोष्ट माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असेल. आम्हाला ती इंग्रजीच्या सरांनी सांगितली होती, फळ्यावर चार अक्षरं काढून. इंग्रज साहेब बोटीने हिंदुस्तानात यायचे. सुएझचा कालवा १८६९ साली उघडला, त्यानंतर तो रस्ता तांबड्या समुद्रातून सरळ मुंबईला. बोटी पी अँड ओ कंपनीच्या, म्हणजे पेनिन्शुलर अँड ओरिएंटल. तांबड्या समुद्रातला उकाडा भयंकर, आणि तेव्हा बोटीत वातानुकूलन नव्हतं. इकडे येताना बोटीची डावी बाजू उन्हापासून वाचते आणि परत जाताना उजवी. डाव्या बाजूला इंग्रजीत पोर्ट म्हणतात, उजवीला स्टारबोर्ड. म्हणून श्रीमंत प्रवासी जास्त पैसे भरून 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' अशी खोली घेत, त्यांच्या तिकिटावर पी, ओ, एस, एच असा शिक्का मारला जाई, आणि त्यावरून झालं पॉश.

गोष्ट इतकी छान आहे की खोटी म्हणवत नाही. उन्हाचा हिशेबही बराचसा बरोबर आहे. पण तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. कंपनीच्या जुन्या कागदपत्रांत अशी काही पद्धत असल्याची नोंद नाही. आणि हा शब्द छापील इंग्रजीत रुळल्यावर बऱ्याच वर्षांनी, १९३०च्या दशकात, ही गोष्ट लोक सांगू लागलेले दिसतात. म्हणजे आधी शब्द, मग त्याची जन्मकथा. १९६८च्या 'चिटी चिटी बँग बँग' या सिनेमातल्या एका गाण्याने ती पोराटोरांपर्यंत पोचवली, तेव्हापासून तिला मरण नाही. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, ही त्याच जातीची गोष्ट. बातम्या चार दिशांनी येतात हे खरं असलं, तरी शब्द आला तो 'न्यू'वरून, नव्या गोष्टी म्हणून. अक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत इंग्रजीत फोफावली ती मुख्यतः विसाव्या शतकात, लष्कर आणि सरकारी खात्यांच्या हातून. त्याआधीच्या एखाद्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की आधी शंका घ्यावी.

गंमत म्हणजे अक्षरं जोडून केलेला खराखुरा 'पॉश' आपल्याच देशात झाला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला आळा घालणारा २०१३चा कायदा सगळे 'पॉश कायदा' म्हणूनच ओळखतात. सर आता असते तर फळ्यावर ही फोड काढता आली असती आणि ती खरीही ठरली असती.

मग खरा माग कुठे लागतो? अभ्यासक बोट दाखवतात ते लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीकडे. इंग्लंडात भटक्या रोमानी लोकांच्या भाषेत 'पॉश' म्हणजे अर्धा. अर्ध्या पेनीच्या नाण्याच्या नावात तो शब्द यायचा, आणि तिथून चोर-उचक्यांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे चिल्लर, मग नुसताच पैसा, असा त्याचा प्रवास झाला. १८९०च्या सुमाराच्या इंग्रजी बोलीच्या कोशांत 'पॉश'चा एक अर्थ पैसा दिलेला आहे आणि दुसरा नटवा, छानछोकी करणारा माणूस. १८९२ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'द डायरी ऑफ अ नोबडी' या विनोदी कादंबरीत एका पात्राचं आडनावच पॉश आहे, मरी पॉश. टोप्यांच्या धंद्यातला पैसेवाला. लेखकांनी ते आडनाव उगाच निवडलं नसावं. आज आपण वापरतो त्या अर्थाने हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुळला. सप्टेंबर १९१८च्या 'पंच' मासिकात एक व्यंगचित्र आहे, त्यात हवाई दलातला एक तरुण अधिकारी आपल्या आईशी बोलताना तो वापरतो. चिल्लरपासून श्रीमंतीपर्यंतचा या साखळीतला प्रत्येक दुवा पक्का नाही, म्हणून मोठे कोश जपून बोलतात. पण दुवे जिथे आहेत तिथे ते गल्लीबोळातले आहेत, बोटीच्या वरच्या डेकवरचे नाहीत.

आणि हे रोमानी लोक कोण? हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून बाहेर पडून इराण, तुर्कस्तान करत युरोपभर पसरलेले. त्यांची भाषा हिंदी, मराठी, पंजाबीच्या गोतातली. त्यांच्या या 'अर्ध्या'चं मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'पार्श्व'शी, म्हणजे बाजूशी जोडतात. आपलं 'पाशी' आणि हिंदीतलं 'पास' त्याच 'पार्श्व'वरून आलं. म्हणजे 'माझ्यापाशी काही नाही' या वाक्यात पॉशचा एक गरीब भाऊ बसलेला आहे. युरोपात ज्यांना गावाच्या वेशीवर थांबवत, ज्यांच्यावर चोरीचा आळ आधी घेत आणि चौकशी नंतर करत, त्यांच्या तोंडचा शब्द श्रीमंतांच्या वस्तीवर पाटी म्हणून लागला, असं असेल तर ती बोटीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली गोष्ट आहे.

आता आपल्या लोकांची आवडती तिसरी गोष्ट. व्हॉट्सअॅपवर ती दर काही महिन्यांनी फिरते. 'पॉश हा शब्द इंग्रजांनी उर्दूतून उचलला, सफेदपोशमधला पोश.' खाली दोन-चार 'माशाअल्लाह'. ही कल्पना अगदीच हवेतली नाही, शब्दांच्या अभ्यासकांनीही तिचा विचार केलेला आहे. फारसीत 'पोशीदन' म्हणजे झाकणं, अंगावर घालणं. त्यातून 'पोश', म्हणजे घातलेला, झाकलेला. सफेदपोश म्हणजे पांढऱ्या कपड्यातला, नकाबपोश म्हणजे नकाब घातलेला. इंग्रजी राज्यात पंजाबात 'सफेदपोश' हा गावपातळीवरचा एक सरकारी मानही होता, जैलदाराच्या खालचा. तेव्हा साहेबांच्या कानावर हा शब्द होता यात शंका नाही.

तरी मला तो दावा पटत नाही. हिंदुस्तानातून इंग्रजीत गेलेले शब्द मागे पावलं ठेवून गेले आहेत. पायजमा, खाकी, शाम्पू, बंगला हे शब्द आधी इथल्या साहेबांच्या पत्रांत आणि आठवणींत दिसतात, मग तिकडच्या वर्तमानपत्रांत. १८८६ साली अशा शब्दांचा एक जाडजूड कोशच निघाला, 'हॉब्सन-जॉब्सन'. (त्याचं नावही आपल्याकडचंच. मुहर्रमच्या जुलूसातला 'या हसन, या हुसैन'चा पुकार गोऱ्या शिपायांच्या कानांनी असा ऐकला होता.) 'पॉश'ची अशी पावलं छावणीतून निघत नाहीत. ती लंडनमध्येच उमटतात. शिवाय नुसतं 'पोश' म्हणून आपण कुणाला हाक मारत नाही, ते नेहमी कशाला तरी जोडून येतं. फक्त शेपूट तोडून साहेबाने का न्यावं?

हे मी एका दोस्ताला सांगितलं तर तो नाराज झाला. 'तुला आपल्या लोकांचं काही चांगलं झालेलं बघवत नाही,' म्हणाला. त्याची नाराजी मला समजते. रोज कुठून तरी ऐकावं लागतं की तुमची भाषा बाहेरची, तुमचे शब्द बाहेरचे, तुम्हीच बाहेरचे. मग एखादा शब्द इंग्लंडच्या राजवाड्यापर्यंत पोचला असं कळलं की छाती फुगते. पण त्यासाठी लंडनला कशाला जायचं? हा 'पोश' मराठीत केव्हाचा घर करून आहे. पोशाख त्याचाच. पलंगपोस त्याचाच, पलंग झाकणारं ते. आणि पायपोस, फारसीतलं 'पापोश', पाय झाकणारं ते. 'कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही' ही म्हण ज्यांच्या तोंडी सहज येते, त्यांतल्या किती जणांना वाटतं की आपण फारसी बोलतोय? (जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर ही म्हण शब्दशः खरी होते, ते वेगळं.) छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धी झाली, कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले आणि त्यांतले काही चांगले रुजलेही. पण सदरा, विजार, अस्तर, खिसा, पोशाख ही मंडळी हलली नाहीत. अंगावरच्या कपड्याचा शब्द सहजासहजी उतरत नाही.

बाहेर जायचंच तर हाच पापोश अरबीत 'बाबूज' झाला, फ्रेंचमध्ये 'बाबूश', आणि फ्रेंचांकडून इंग्रजीत गेला. मोरोक्कोच्या मऊ चामडी सपाता आज पॅरिस-लंडनच्या दुकानांत त्याच नावाने महाग विकल्या जातात. पलंगपोसावरूनच 'पॅलम्पोर' झाला असंही मानतात. कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलेल्या छिटाच्या त्या चादरी एके काळी युरोपातल्या बड्या घरांतल्या पलंगांवर असायच्या. दोस्ताला सांगितलं, अभिमान करायचाच असेल तर यांचा कर. तो म्हणाला, 'चपला आणि चादरींचा काय अभिमान करायचा.'

तो चूक आहे असं मला वाटतं, पण खरं मोल ज्याचं आहे तो शब्द त्याच्या त्या फॉरवर्डमध्येच होता आणि त्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. सफेदपोश म्हणजे श्रीमंत नव्हे. जवळजवळ उलटंच. आपल्या घरांत 'बेचारे सफेदपोश लोग हैं' असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ असतो, कपडे स्वच्छ आहेत, बोलणं अदबीचं आहे, आणि डब्यात पीठ नाही. हात पसरणार नाहीत. मराठीतला 'पांढरपेशा' दिसायला जवळचा, पण त्याचा जोर पेशावर आहे. हातात मळ न लागणाऱ्या नोकरीवर. सफेदपोशीत नोकरी असेलच असं नाही. त्यात असतो तो फक्त 'भरम', जो राखायचा असतो.

माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्याकडे दोन पांढरे सदरे आणि दोन पायजमे. एक अंगावर, एक दोरीवर. अम्मी नीळ घालून धुवायची. घरात इस्त्री नव्हती, तांब्यात निखारे घालून ती कॉलर आणि बाह्या दाबायची, बाकीचं रात्री गादीखाली. गावात कुणी त्यांना कधी चुरगळलेले पाहिले नाही. पगार उशिरा व्हायचा तेव्हा वाण्याकडे अम्मी जायची, तीही तिन्हीसांजेनंतर. लहानपणी मला हा सगळा खोटेपणा वाटायचा. नाही पैसे तर नाही म्हणावं. अब्बांना तो दिखावा वाटत नव्हता. ते म्हणत, 'आपली अडचण लोकांच्या डोळ्यांत का भरवायची? त्यांना पण त्रास, आपल्याला पण.'

सूरह बकराच्या २७३व्या आयतीत अशाच लोकांचा उल्लेख आहे. मदत कुणाला करावी हे सांगताना तिथे भिकाऱ्याचं वर्णन येत नाही. वर्णन येतं ते अशांचं, जे मागत नाहीत म्हणून अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. ओळखायचं ते त्यांच्या चेहऱ्यावरून. म्हणजे ओळखण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे. घेणाऱ्याने रांगेत उभं राहून आपली गरिबी सिद्ध करायची नाही.

हे मला नीट कळलं ते २०२०च्या रमजानमध्ये. लॉकडाउन होता, मशिदी बंद, तरावीह घरीच. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी रेशनची किटं करायला घेतली. पहिल्या दिवशी रांग लागली, फोटो निघाले, फेसबुकवर गेले. मग एका जाणत्या चाचांनी पोरांना बसवलं आणि विचारलं, रांगेत कोण नव्हतं ते सांगा. टेलर नव्हता. ट्यूशन घेणारी बाई नव्हती. लग्नात फोटो काढणारा नव्हता. मुअज्जिन साहेब नव्हते. पोरांनी दुसरी यादी केली, तिच्यावर नाव लिहिलं 'सफेदपोश', आणि ती कुणाला दाखवली नाही. किटं ईशानंतर, अंधारात, दाराशी ठेवून बेल न वाजवता यायचं आणि मग फोन करायचा, 'चाचा, दारात काहीतरी आलंय वाटतं.' ट्यूशनवाल्या बाईंनी ईदनंतर त्या पोरांपैकी एकाच्या भावाला वर्षभर फुकट शिकवलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनीही काही विचारलं नाही.

इंग्रजीतला पॉश आणि आपला सफेदपोश यांचं नातं नाही ते एका अर्थी बरंच आहे. एकात जे आहे ते दिसावं अशी इच्छा, दुसऱ्यात जे नाही ते दिसू नये अशी. नीटनेटकेपणा मात्र दोन्हीकडे, आणि त्याच्यावर माझा काही राग नाही. आपल्यात काही लोक मळक्या कपड्यांना परहेजगारी समजतात, ते मला कधी पटलं नाही. सहीह मुस्लिममधली हदीस आहे. माणसाला आपले कपडे चांगले असावेत, जोडा चांगला असावा असं वाटतं, मग तो गर्व झाला का, असं प्रेषितांना (स.) विचारलं गेलं. उत्तराचा मथितार्थ असा की सौंदर्य अल्लाहला प्रिय आहे, आणि गर्व म्हणजे खरं ते नाकारणं आणि माणसांना हलकं लेखणं. म्हणजे पायपोसाला पूर्ण मुभा. हिशेब होणार तो तो घालून आपण कुणाकडे कसं पाहतो याचा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही शहरात भाड्याने घर शोधत होतो. दलाल फोनवर मोठ्या उत्साहात होता. 'सर, एकदम पॉश सोसायटी आहे. फॅमिली लोक. क्लब हाउस, दोन लिफ्ट, चोवीस तास पाणी.' माझं मराठी ऐकून त्याने मला मनात कुठलं तरी आडनाव देऊन टाकलं असावं. भेटीची वेळ ठरली, नाव विचारलं, मी सांगितलं. दोन क्षण काही आवाज नाही. मग, 'सर, मी मालकांना विचारून सांगतो.' तासाभराने फोन आला, घर गेलं म्हणून. पुढच्या आठवड्यात त्याच घराची जाहिरात तशीच होती, फोटोंसकट. मी त्याला पुन्हा फोन केला नाही. तो बिचारा कमिशनवरचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उन्हात मोटरसायकल फिरवणारा. त्यालाही त्या सोसायटीत घर कुणी दिलं नसतं, कारण वेगळं असतं इतकंच.

दुसऱ्या दलालाने जुन्या भागातली एक तीन मजली इमारत दाखवली. 'पॉश नाही हां सर,' त्याने आधीच सांगून टाकलं. लिफ्ट नाही, पाणी सकाळी दोन तास. मालकीणबाई खालीच राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांनी नाव विचारलं, मग अब्बा काय करायचे ते विचारलं. मास्तर होते म्हटल्यावर म्हणाल्या, 'मग कपडे वर गच्चीत वाळत घाला. इथे खाली धूळ येते, पांढरे लगेच मळतात.'